अर्ध्या माणसाची मंजुरी

१

सॉफ्टवेअर वेळेवर होत नाही, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. रखडलेलं काम मार्गी लावायला कंपनी ज्या बाईला पाठवते ती मी. गेल्या गेल्या मी दोन गोष्टी करते. मीटिंगच्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर काढते, कारण बसलेला माणूस बोलत सुटतो आणि उभा असलेला मुद्द्यावर येतो. आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात 'बघू' असं लिहून त्यावर काट मारते. हे कधी होईल? बघू. गिऱ्हाइकाला काय सांगायचं? बघू. या एका शब्दाने जितके प्रकल्प बुडवलेत तितके कुठल्याही चुकीने बुडवले नसतील.

या खेपेचं काम एका रुग्णालयाचं होतं. त्यांची नवी इमारत उघडणार होती. कोणता रुग्ण कोणत्या खाटेवर, कोणाला कधी कोणतं औषध, हे सगळं आमच्या सॉफ्टवेअरने सांगायचं होतं. उद्घाटनाची तारीख ठरली होती आणि आमचं काम निम्म्यावर लटकलं होतं. मी आले तेव्हा टीमची तोंडं अशी झाली होती की कोणाच्या तरी अंत्ययात्रेला आल्यासारखं वाटावं.

मी हट्टाने एकच माणूस मागून घेतला होता, माझे धाकटे दीर. घरातला माणूस म्हणून नव्हे, तर कंपनीत त्यांच्यासारखा प्रोग्रामर दुसरा नाही म्हणून. मी त्यांना भावजी म्हणते हे कळल्यावर अख्खी टीम त्यांना भावजी म्हणायला लागली. घरी मी त्यांची वहिनी, ऑफिसात मॅडम, आणि ही शिस्त ते माझ्यापेक्षा जास्त पाळत. एकच खोड होती. कोडचा जो तुकडा अर्धवट ठेवायचा त्याला ते 'बघू' असं नाव देत आणि काम पुरं झालं की खोडून टाकत. मी चिडले की म्हणायचे, "बंदी फळ्यावर आहे मॅडम, कोडमध्ये नाही."

आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. त्यांना टीममध्ये घेतल्याचं कळलं त्या दिवशी माझ्या जाऊने मला जिन्यात गाठलं. ती मला ताई म्हणते.

"ताई, ह्यांना नेताय ते न्या," ती म्हणाली, "पण माणूस परत द्या मला. मागच्या वेळी तीन महिने घरात नुसता सदरा फिरत होता."

"आहे तसा परत देईन," मी म्हणाले. "पूर्णच्या पूर्ण." आम्ही दोघी हसलो.

२

आमच्याकडे माणसं अपूर्णांकात मोजतात. निम्मा वेळ या कामावर आणि निम्मा दुसऱ्या कामावर असलेला तो अर्धा माणूस. 'मला दीड माणूस लागेल' असं आम्ही सरळ चेहऱ्याने म्हणतो. बाहेरच्यांना हसू येतं, आम्हाला येत नाही.

मी साहेबांकडे दोन माणसं मागितली. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. वाईट माणूस नाही, पण समोरच्याकडे न बघता बोलायची सवय. त्यांनी नाही म्हटलं. मी एकावर आले. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. मी उठायला लागले तेव्हा ते स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "अर्धा देतो. मंजूर करून टाकतो आत्ताच."

कोण येणार असं मी विचारलं. येईल, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. पण औषधांच्या वेळापत्रकाचा जो भाग सगळे एकमेकांवर ढकलत होते, तो सकाळी आम्ही आलो तेव्हा निम्मा करून ठेवलेला होता. चोख होता. आमच्या टीममधली तपासणी करणारी मुलगी इतकी चिकित्सक की तिला आम्ही शंकासुर म्हणायचो. तिने दोन तास डोकं फोडलं आणि मान हलवली. एकही चूक नाही.

"अर्धा माणूस असा, तर पूर्ण कसा असेल," ती म्हणाली.

कुठल्यातरी दुसऱ्या शाखेत बसून काम करणारा कोणी असेल, असं आम्ही धरून चाललो. दिल्या दानाची चौकशी कोण करतं? रोज एक तुकडा निम्मा व्हायचा, उरलेला निम्मा भावजी हाती घेऊन पुरा करायचे. सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडायचं नाही. फळ्यावरची झालेल्या कामाची रेघ कितीतरी दिवसांनी वर चढायला लागली. मला त्या आठवड्यात झोप छान लागली, हे मी मुद्दाम सांगते.

३

आमच्या मजल्यावरच्या पॅसेजच्या टोकाला एक लहान खोली होती. जुने मॉनिटर, मोडक्या खुर्च्या, वायरींची भेंडोळी असा सगळा अडगळीचा माल तिथे पडलेला असायचा. खोलीचं दार काचेचं, आणि काचेला मधोमध धुरकट पट्टी चिकटवलेली. तिथला दिवा हालचाल झाली की आपोआप लागतो, कोणी हललं नाही की विझतो.

एका दुपारी पाणी भरून घ्यायला गेले तेव्हा त्या खोलीत दिवा दिसला आणि टायपिंग ऐकू आलं. अर्धा माणूस इथेच बसतो होय, असं मनात म्हटलं आणि मला बरं वाटलं. दारावर टकटक केली. टायपिंग थांबलं. दार आतून लावलेलं नव्हतं, पण हात मुठीवर असतानाच मला वाटलं, कामात असलेल्या माणसाला कशाला त्रास द्या. मी परत फिरले. टायपिंग पुन्हा सुरू झालं.

जागेवर येऊन बसले तरी काहीतरी खुपत होतं. या धंद्यात माझी हयात गेली, टायपिंगचा आवाज मला घरच्या घड्याळासारखा ओळखीचा आहे. दोन हात एकमेकांना उत्तर देत असतात. इथे एकच हात बोलत होता आणि उत्तराची जागा रिकामी राहत होती. एखाद्याचा हात मोडला असेल, प्लास्टरमध्ये असेल, असं मी मनाला सांगितलं. मनाने ऐकलंही.

त्याच दिवशी संध्याकाळी शंकासुराने मला बोलावून स्क्रीन दाखवला. अर्ध्या माणसाच्या कामात तिला पहिल्यांदाच काहीतरी सापडलं होतं. चूक नव्हती ती. एक तुकडा होता आणि त्याला नाव दिलेलं होतं: 'बघू'.

मी भावजींना बाजूला घेतलं. मी म्हणाले, हे तुमचंच काम आहे, मान्य करा. घरी जाऊन पुन्हा बसता आणि इथे अर्ध्या माणसाच्या नावावर खपवता. जीव द्यायचाय का कामापायी? त्यांनी तो तुकडा वाचला. उजव्या हाताने डावं मनगट चोळत होते.

"हात माझा आहे," ते हळूच म्हणाले. "लिहिलेलं वाचल्यावर कळतं ना आपलं आपल्याला. पण मी हे केलं नाही, वहिनी."

ऑफिसात त्यांनी मला वहिनी म्हटलं ते त्याच दिवशी.

४

मग घरी माझं लक्ष जायला लागलं. भावजी पिशव्या, किल्ल्या, छत्री, सगळं उजव्या हातात कोंबून जिना चढायचे. मनगटावरचं घड्याळ दिसेनासं झालं होतं. विचारलं तर म्हणाले, कुठेतरी पडलं. ते वाक्य अर्ध्यावर सोडायला लागले होते. "आज जरा उशीर..." एवढं म्हणून थांबायचे, आणि पुढचं जाऊ पुरं करायची. सुरुवातीला ती हसायची. लग्नाला इतकी वर्षं झाली की असंच होतं, म्हणायची. पुढे तिने हसणं सोडलं आणि नुसतं पुरं करायला लागली.

डॉक्टरला दाखवून झालं. मानेतली नस दबली असेल, विश्रांती घ्या, असं त्याने सांगितलं. मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचं होतं.

रविवारी आम्ही सगळे बागेत निघालो होतो. भावजींची लेक, चार वर्षांची, त्यांचा उजवा हात धरून चालत होती. त्या बाजूने गाड्या जात होत्या म्हणून मी तिला म्हणाले, बाळा, बाबाच्या पलीकडे जा, तो दुसरा हात धर.

तिने माझ्याकडे वर पाहिलं. मोठ्या माणसाला साधी गोष्ट कळत नाही तेव्हा मुलं बघतात तसं.

"काकू, तो हात ऑफिसला गेलाय," ती म्हणाली.

भावजी हसले नाहीत. जाऊने माझ्याकडे पाहिलं आणि मला जिन्यातलं ते वाक्य आठवलं. तिलाही आठवलं असणार. मला एकदम भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग संताप आला. कशाचा ते कळत नव्हतं, पण मला संताप आला की पुढचं सोपं जातं.

५

सोमवारी जेवायच्या सुट्टीत सगळा मजला रिकामा झाला तेव्हा मी पॅसेजच्या टोकाला गेले. भावजी टीमबरोबर खाली जेवायला गेले होते, मी त्यांना लिफ्टमध्ये शिरताना पाहिलं होतं. खोलीत दिवा होता. टायपिंग चालू होतं.

काचेवरच्या धुरकट पट्टीचा एक कोपरा सुटून वळला होता. मी तिथे डोळा लावला. दाराकडे डावी बाजू करून कोणीतरी बसलं होतं. निळ्या सदऱ्याची बाही, तिच्याखाली हात, मनगटावर भावजींचं हरवलेलं घड्याळ. कानामागचा पांढरा केसही ओळखीचा होता. आता सांगायला हरकत नाही, मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, हे तर भावजीच आहेत, जिन्याने वर आले असतील, माणूस खोटं बोलला एवढंच.

मी काचेवर बोट वाजवलं. खुर्ची हळूहळू माझ्याकडे वळायला लागली.

ऑफिसच्या खुर्च्यांना जाळीची पाठ असते. माणूस बसला की ती झाकली जाते. खुर्ची जेमतेम समोर आली आणि मला जाळी दिसली. जिथे उजवा खांदा असायला हवा होता तिथे जाळीची उभी कड, वरपासून खालपर्यंत, स्वच्छ दिसत होती. खुर्ची पुरती वळायच्या आत मी डोळा काढला.

पॅसेजमध्ये मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पळून जावं असं वाटलं, नाही असं नाही. पण मी पळून गेले तर जाऊला तोंड कसं दाखवू? माणूस मी मागून घेतला होता, परत द्यायचं मी कबूल केलं होतं. मी तोंडावर पाणी मारलं आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"तो अर्धा माणूस तुम्ही कुठून दिलात?" मी विचारलं.

साहेब मेल वाचत होते. "कुठून म्हणजे? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुमच्यातलाच काढला."

"कोणाचा?"

"सगळ्यात कामाचा जो असतो त्याचाच निघतो. नेहमीच तसं असतं."

त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, मी आजही सांगू शकत नाही. कदाचित ते नुसते तासांच्या हिशेबाबद्दल बोलत असतील. आमची भाषाच अशी आहे की दोन्ही बोलणी एकाच शब्दांत होतात. रिलीज हाही तसलाच शब्द. सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे गेलं की रिलीज, आणि माणूस कामातून मोकळा केला तरी रिलीजच.

मी म्हणाले, मला तो माणूस रिलीज करायचाय, आज, आत्ता. तारीख पुढे गेली तरी चालेल, रुग्णालयाशी मी बोलते.

"तारीख जाऊ द्या," साहेब म्हणाले. "मंजूर झालेली जागा रिकामी ठेवता येत नाही. बदली माणूस द्या, तो सुटेल. नियम तुम्हालाच माहीत आहे."

नियम मला माहीत होता. बदली मिळाल्याशिवाय मीही कधी कोणाला सोडलेलं नाही. मी टीममधले चेहरे डोळ्यांपुढे आणले, एकेक. शंकासुराचं लग्न ठरलं होतं. बाकीच्यांचंही काही ना काही होतंच.

"माझं नाव घाला," मी म्हणाले.

साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "पूर्ण?"

"अर्धं."

"बरं," ते म्हणाले आणि पुन्हा मेलकडे वळले. "मॅनेजर तसेही अर्ध्यावरच असतात. कोणाच्या लक्षात येणार नाही."

६

जेवण करून टीम परतायच्या आत मी खोलीचं दार उघडलं. आत बघितलं नाही. डोळे जमिनीवर ठेवून, घरी पंगत वाढून झाल्यावर हाक मारावी त्या आवाजात म्हणाले, "उठा भावजी. ऑफिस सुटलं."

टायपिंग थांबलं. खुर्चीचा करकर आवाज झाला. मग एक पाऊल वाजलं, मध्ये पावलाएवढा वेळ गेला, मग पुन्हा तेच पाऊल. ते माझ्या अंगाला जवळजवळ लागून दाराबाहेर गेलं. मी हाताची मूठ इतकी घट्ट आवळली होती की तळव्यात नखं रुतली.

मी त्या खुर्चीत बसले. बैठक डाव्या बाजूला उबदार होती आणि उजव्या बाजूला गार. टेबलावर घड्याळ काढून ठेवलेलं होतं. ते पदराला बांधलं आणि डावा हात कीबोर्डवर ठेवला. दुखलं नाही. नुसतं कोणीतरी हात हातात घ्यावा तसं वाटलं आणि मग काहीच वाटेनासं झालं.

उठून बाहेर आले, दार ओढून घेतलं. पॅसेजमध्ये अर्ध्यावर पोहोचले तेव्हा मागे टायपिंग चालू झालं. मी वळून पाहिलं नाही. माझ्या टायपिंगचा आवाज मी ओळखते.

७

भावजी त्याच संध्याकाळी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढले. घड्याळ मी टेबलाखाली सापडलं म्हणून दिलं. त्यांनी ते डाव्या मनगटावर बांधलं आणि उद्या आपण काय काय करू शकतो ते एका दमात, एकही वाक्य न सोडता, सांगितलं. वरून जाऊच्या हसण्याचा आवाज आला. नंतर ती खाली आली आणि माझ्या गळ्यात पडली.

मग मी कंबर कसली. माझा हिशेब सरळ होता. प्रकल्प संपला की सगळी माणसं सुटतात, मग मीही सुटेन. रुग्णालयात जाऊन मुख्य परिचारिकेला विचारलं, पहिल्या दिवशी कशावाचून तुमचं अडेल तेवढंच सांगा. तिने सांगितलं तेवढं ठेवलं आणि बाकी सगळं निर्दयपणे कापलं. एकही माणूस वाढवून मागितला नाही. सगळ्यांना उजेडात घरी पाठवलं. डाव्या हातात कप धरवत नव्हता, वाक्यं मध्येच तुटत होती. म्हणून मी वाक्यंच लहान केली. टीमला वाटलं, मॅडम कडक झाल्या. पॅसेजच्या टोकाला कोणी गेलं तर मी परत बोलवायचे. आणि इमारत उघडली त्या दिवशी आमचं सॉफ्टवेअर पहिल्या रुग्णाला त्याच्या खाटेपर्यंत घेऊन गेलं. परिचारिकेने मला फोन करून सांगितलं, एकही औषध चुकलं नाही. मला रडू आलं. इतक्या वर्षांत कुठल्या प्रकल्पासाठी मी रडले नव्हते.

ऑफिसात केक कापला. शंकासुराने मला सुरी दिली आणि ती माझ्या हातातून पडली, तेव्हा सगळे हसले. साहेब आले, सगळ्यांशी हात मिळवत माझ्यापर्यंत पोहोचले. मी त्यांना विचारलंच. मी म्हणाले, "प्रकल्प संपला. मग आता सगळे रिलीज ना?"

"सगळे," साहेब म्हणाले. केकचा घास त्यांच्या तोंडात होता. "आता काय राहिलं? नुसतं मेंटेनन्स. रुग्णालय आहे तोवर चालणार, पण त्याला कितीशी माणसं लागतात? अर्धा पुरे. तो तर मंजूर आहेच."

पॅसेजच्या टोकाला दिवा लागलेला होता.

त्या संध्याकाळी जिन्यात भावजींची लेक मला बिलगायला धावत आली. मी डाव्या बाजूने वाकले होते. ती मध्येच थांबली, मला वळसा घालून उजवीकडे आली आणि मग तिने हात धरला. काही विचारलं नाही. गुणी पोर आहे.

मी हार मानणारी बाई नाही. मेंटेनन्स संपतं ते एकाच रीतीने, जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवलं तर. तसा प्रस्ताव मी आज सकाळी लिहायला घेतलाय. रुग्णालयाचा फायदा दाखवला पाहिजे, साहेबांना पटवलं पाहिजे, माणसं लागतील आणि ती पूर्ण मागितली पाहिजेत. एका हाताने वेळ लागतो. नवरा आत्ताच विचारून गेला, कधी होईल हे सगळं?

बघू.